हेडलाइट-टेललाइटला काळी छटा: फिल्म, स्प्रे की आणखी काही?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे राखाडी रंगाची हॅचबॅक आहे. तिचे आरसे, जाळी आणि चाकांचे रिम मी यापूर्वीच काळे करून घेतले आहेत. आता पुढचे आणि मागचे दिवेही धुरकट काळे दिसावेत, म्हणजे गाडीचे रूप एकसंध वाटेल, असा विचार आहे. गावातील एका दुकानदाराने दोन पर्याय सांगितले. पहिल्या पर्यायात दिव्यांच्या काचेवर धुरकट फिल्म चिकटवायची, तर दुसऱ्यात दिवे उतरवून त्यांवर पारदर्शक काळ्या रंगाचा स्प्रे मारायचा. फिल्म ‘३५ टक्क्यांची’ आहे, ती दिवसा काळी दिसते आणि रात्री दिवा लागला की काही फरक कळत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. स्प्रे अधिक एकसारखा दिसतो आणि त्याच्या कडा सुटत नाहीत, असेही ते म्हणतात.

माझा बहुतेक प्रवास कराड ते कोल्हापूर या राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या पट्ट्यात होतो आणि परतीला अनेकदा रात्र होते. सहापदरीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी वाहतूक वळवलेली असते व तेथे रस्त्यावर दिवे नसतात. त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांकडून चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: ‘३५ टक्के’ म्हणजे नेमके काय आणि त्यामुळे किती प्रकाश कमी होतो, कायद्याने हे चालते का, विम्याच्या दाव्यात अडचण येते का, आणि पुढे नकोसे वाटले तर दिवे पूर्ववत होतात का? ‘करू नकोस’ एवढेच उत्तर घरातून मिळालेले आहे, म्हणून कृपया कारणांसह सांगावे.

---

दीपमापक

वाहनांच्या दिव्यांची चाचणी घेण्याच्या कामाशी माझा अनेक वर्षे संबंध होता, त्यामुळे केवळ प्रकाशाबद्दल लिहितो. कायद्याबद्दल दुसरे कोणी लिहितील.

फिल्मवरचा आकडा हा तिच्यातून आरपार जाणाऱ्या प्रकाशाचा असतो. ‘३५ टक्क्यांची फिल्म’ म्हणजे ३५ टक्के प्रकाश अडवणारी नव्हे, तर ३५ टक्केच बाहेर सोडणारी आणि उरलेला ६५ टक्के अडवणारी. पुष्कळ ग्राहक हा आकडा उलटा समजतात आणि दुकानात तो समज दुरुस्त करण्याची कोणाला घाई नसते.

आता मागच्या दिव्यांचा हिशोब पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक ७ नुसार साध्या मागच्या दिव्याची, म्हणजे रात्री सतत जळणाऱ्या लाल दिव्याची, समोरच्या अक्षावरील तीव्रता किमान ४ कँडेला आणि ब्रेकलाइटची किमान ६० कँडेला असावी लागते. साध्या दिव्याला कमाल मर्यादाही आहे आणि ती १७ कँडेला आहे. किमान मर्यादेच्या जवळ असलेल्या ब्रेकलाइटवर ३५ टक्क्यांची फिल्म लावली की तो २१ कँडेलावर येतो, म्हणजे एखाद्या दुसऱ्या गाडीच्या तेजस्वी पण नियमात बसणाऱ्या साध्या मागच्या दिव्यापेक्षा जेमतेम थोडा अधिक. तुमच्या पाठीमागून येणाऱ्या अनोळखी चालकाला तुमची गाडी नेहमी कशी दिसते हे ठाऊक नसते. त्याला एक मध्यम लाल दिवा दिसतो आणि गाडी नुसती चालली आहे की थांबते आहे, हे ठरवायला त्याला अंतर कमी होत जाण्याची वाट पाहावी लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाललेले वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे येते. दुकानदार म्हणतो तसे ‘रात्री कळत नाही’ हे खरे वाटते, कारण आपण ते दुकानाच्या आवारात, पाच पावलांवर उभे राहून पाहतो.

दिसण्याच्या अंतराचाही विचार करावा. स्वच्छ हवेत दिव्याचा परिणाम अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. म्हणून जो दिवा जेमतेम १५५ मीटरवरून दिसत असेल, तो ५० टक्क्यांच्या फिल्मखाली सुमारे ११०, ३५ टक्क्यांच्या फिल्मखाली सुमारे ९२ आणि २० टक्क्यांच्या फिल्मखाली सुमारे ७० मीटरवरूनच तितका दिसेल. पावसात, धुक्यात किंवा वळवलेल्या कच्च्या रस्त्याच्या धुळीत हे अंतर याहूनही आखडते.

लोक ज्याचा विचारच करत नाहीत तो भाग म्हणजे रिफ्लेक्टर. अनेक गाड्यांत मागच्या दिव्याच्या काचेतच लाल परावर्तक बसवलेला असतो. रात्री गाडी बंद पडली, बॅटरी उतरली, तर येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशात चमकणारी तेवढीच एक वस्तू शिल्लक असते. परावर्तकापर्यंत पोहोचणारा प्रकाश फिल्ममधून एकदा आत जातो आणि परतताना पुन्हा त्याच फिल्ममधून बाहेर येतो. म्हणजे ५० टक्क्यांच्या फिल्मने २५ टक्के उरतो, ३५ टक्क्यांच्या फिल्मने जेमतेम १२ टक्के आणि २० टक्क्यांच्या फिल्मने केवळ ४ टक्के. तुमच्या गाडीत परावर्तक बंपरमध्ये वेगळे आहेत की दिव्यातच आहेत, हे आधी पाहून घ्या. मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या बाजूला धरून अंधारात पन्नास पावलांवरून गाडीकडे पाहिले की लगेच कळते.

हेडलाइटबद्दल थोडक्यात सांगायचे तर तेथे निदान चालकाला स्वतःला फरक जाणवतो आणि तो फिल्म काढून टाकतो. मागचा दिवा मात्र चालकाला चालताना कधीच दिसत नाही. त्यामुळे दोहोंपैकी अधिक काळजी मागच्या दिव्याची करावी, असे माझे मत आहे. बाजारात नेमका उलटा समज आहे.

---

रात्रराणी_सांगली

मी वेगळे मत मांडते. माझ्या गाडीचे मागचे दिवे हलके धुरकट केलेले आहेत आणि मला आजवर कोणतीही अडचण आलेली नाही. कित्येक गाड्या कारखान्यातूनच धुरकट लाल किंवा जवळजवळ काळ्या दिसणाऱ्या टेललाइटसह येतात. कंपनीने केले तर ती शैली आणि आपण केले तर तो गुन्हा, हा न्याय मला पटत नाही. शिवाय हल्लीचे एलईडी दिवे इतके प्रखर असतात की थोडे मंद केले तर मागच्याच्या डोळ्यांवर उपकारच होतील.

---

दीपमापक

रात्रराणीताई, आक्षेप रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

कारखान्यातून आलेल्या धुरकट दिव्यात काचेचा रंग हा रचनेचा एक भाग असतो. काच किती प्रकाश खाणार आहे हे आधी ठरवून त्यानुसार आतील एलईडींची संख्या, त्यांचा विद्युतप्रवाह आणि आतील परावर्तकांचा आकार निश्चित केला जातो. मग काचेसह पूर्ण दिवा प्रयोगशाळेत मोजला जातो. केवळ समोरून नव्हे, तर डावी-उजवीकडच्या आणि वर-खालच्या ठरावीक कोनांतूनही. आपल्याकडे पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थांत ही चाचणी होते. मागच्या लाल परावर्तकाची जागा बहुधा धुरकट भागातून वगळलेली असते किंवा तो बंपरमध्ये हलवलेला असतो. बाहेरून सारखे दिसणारे हे दोन दिवे मोजमापात अजिबात सारखे नसतात. आपण फिल्म लावतो तेव्हा आत काहीही वाढत नाही, बाहेरून वजाबाकी तेवढी होते.

एलईडी प्रखर असतात हे काही गाड्यांबाबत खरे आहे, आणि दिवा किमान मर्यादेच्या बराच वर असेल तर हलक्या छटेनंतरही तो मर्यादेत राहू शकतो, हेही मी मान्य करतो. प्रश्न असा आहे की आपल्या गाडीचा दिवा त्या मर्यादेच्या किती वर आहे, हे मोजण्याचे साधन ग्राहकाकडेही नसते आणि दुकानदाराकडेही नसते. मूळ प्रश्नकर्त्यांची गाडी हॅचबॅक आहे, आणि या वर्गातील पुष्कळ गाड्यांत अजूनही २१ व ५ वॅटचा दुहेरी तारेचा साधा बल्ब असतो. तसे असेल तर हाताशी शिल्लक फारशी नसते. शिवाय साधा बल्ब पूर्ण तेजाने पेटायला एलईडीपेक्षा सुमारे दोन दशांश सेकंद अधिक घेतो. ताशी १०० किलोमीटर वेगात तेवढ्यात साडेपाच मीटर निघून जातात. त्या उशिरात मंदपणाची भर घालू नये.

आणखी एक गोष्ट. मंद दिव्याचा खरा त्रास रात्रीपेक्षा भर उन्हात होतो, हे अनेकांना आश्चर्याचे वाटते. रात्री सभोवती अंधार असल्याने क्षीण लाल दिवाही उठून दिसतो. सकाळी कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना ऊन पाठीमागून थेट टेललाइटवर पडते. त्या उजेडात ब्रेकलाइट लागला आहे की नाही हे साध्या दिव्यातही पटकन कळत नाही. ब्रेकलाइटची तीव्रता साध्या दिव्याच्या कितीतरी पट ठेवली आहे ती याच कारणासाठी. हल्ली उन्हात काळी होणारी आणि अंधारात पारदर्शक होणारी प्रकाशसंवेदी फिल्म ‘सुरक्षित पर्याय’ म्हणून विकली जाते. हेडलाइटवर ती निदान विचार करण्याजोगी आहे, परंतु टेललाइटवर ती नेमकी चुकीच्या वेळी काळी होते.

---

वकिली_चष्मा

कायद्याचा भाग मी मांडतो. मोटार अपघात दाव्यांच्या कामामुळे हा विषय वारंवार समोर येतो.

‘दिवे काळे करू नयेत’ असे एका ओळीत सांगणारे कलम शोधायला गेलात तर निराशा होईल, आणि याच गोष्टीचा आधार घेऊन दुकानदार ‘यावर बंदी नाही’ असे सांगतात. कायदा रंगापेक्षा परिणामाकडे पाहतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी, गाडीचे दिवे लावलेले असले पाहिजेत आणि त्यांच्या प्रकाशात समोर १५५ मीटरवरील माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. मोटारीचा मागचा लाल दिवाही १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. वर दीपमापकांनी अंतराचा हिशोब १५५ पासूनच का सुरू केला, हे यावरून लक्षात येईल. नियम १०४ परावर्तकांबद्दल आहे. नियम १०८ नुसार पुढे लाल आणि मागे लाल सोडून इतर रंगाचा दिवा दाखवता येत नाही. इंडिकेटर, मागे जातानाचा पांढरा दिवा आणि नंबरप्लेटवरील दिवा असे मोजके अपवाद तेथे आहेत. जांभळी किंवा निळसर छटा देणारी फिल्म लावणाऱ्यांनी हा नियम अवश्य वाचावा.

आता फेरबदलाचा मुद्दा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. नोंदणी प्रमाणपत्रात दिव्यांच्या काचेचा उल्लेख नसतो, म्हणून हे कलम लागूच होत नाही, असा युक्तिवाद ऐकायला मिळतो आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मात्र जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर नेणाऱ्या फेरबदलांबाबत कडक भूमिका घेतली आणि त्यानंतर रस्त्यावरील यंत्रणाही कलम ५२ चा अर्थ व्यापकच लावते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात बहुतेकदा पावती कलम १७७ च्या सर्वसाधारण दंडाची फाटते. केंद्रीय कायद्यात तो पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १५०० रुपये आहे. ही रक्कम पाहून ‘एवढेच ना’ असे अनेकांना वाटते. माझ्या मते दंड हा या प्रकरणातला सर्वात किरकोळ खर्च आहे.

दुकानदाराच्या ‘३५ टक्के’ या आकड्याबद्दल एक टिप्पणी करतो. ही मोजणी मुळात खिडक्यांच्या फिल्मसाठी रूढ झाली. खिडक्यांसाठीही नियम १०० मध्ये पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काळ्या फिल्मविरुद्ध दिलेला निकालही याच नियमावर आधारलेला होता. म्हणजे जी फिल्म बाजूच्या खिडकीवरही चालत नाही, ती तुम्हाला दिव्यावर लावायला सांगितली जात आहे.

विम्याबाबत लोक दोन टोकांना जातात. दिवे काळे केले म्हणून विमा आपोआप रद्द होत नाही. अपघातात जखमी झालेल्या त्रयस्थाची भरपाई आणि तुमच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान, हे दोन वेगळे विषय आहेत. स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात मात्र पॉलिसीतील ती अट पुढे येते, ज्यात विमाधारकाने गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी सर्व वाजवी काळजी घेतली पाहिजे असे लिहिलेले असते. पाठीमागून कोणी धडकले, तर सर्वसाधारणपणे चूक मागच्याची समजली जाते. तुमचे टेललाइट काळे असल्याची छायाचित्रे विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या (नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या) फाइलमध्ये असली की समोरचा वकील सर्वप्रथम तीच बाहेर काढतो आणि निष्काळजीपणाचा काही हिस्सा तुमच्याकडे सरकतो. अशा वेळी युक्तिवादाला मी कोणत्या बाजूने उभा राहणे पसंत करेन, हे सांगायला नको.

---

जुना_चालक

काळे दिवे ही नवी फॅशन आहे असे तरुणांना वाटते, म्हणून एक आठवण नोंदवतो. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ब्लॅकआउट असे आणि मुंबईत गाड्यांच्या हेडलाइटचा भाग काळ्या रंगाने रंगवलेला असे. त्यानंतरही कित्येक वर्षे समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका किंवा वरच्या भागात काळा पट्टा मारण्याची पद्धत होती आणि वाहतूक पोलीस त्यासाठी थांबवतही असत. दीपमापकसाहेब, त्याचा खरोखर उपयोग होत असे काय?

---

दीपमापक

काका, उपयोग होत असे, पण समजला जात असे तसा नव्हे. काचेचा वरचा अर्धा भाग झाकला म्हणजे वर जाणारा प्रकाश थांबला, असे तर्काने वाटते. प्रत्यक्षात त्या काळच्या दिव्यात मागचा परावर्तक आणि काचेवरील उभ्या-आडव्या रेघा मिळून प्रकाशाचा झोत घडवत. काचेच्या प्रत्येक भागातून झोताच्या निरनिराळ्या भागांकडे प्रकाश जाई. त्यामुळे पट्टा मारल्यावर झोताची वरची कड काही नीट कापली जात नसे, एकूण प्रकाश मात्र कमी होई. डोळे कमी दिपत आणि रस्ताही कमी दिसे.

आजच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. काळी फिल्म लावल्यावर हेडलाइट मंद झाला की पुढची पायरी ठरलेली असते: ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब काढून १००/९० वॅटचा घालायचा, किंवा हॅलोजनच्या परावर्तकात बाजारातला एलईडी बल्ब बसवायचा. पहिल्याने मूळ वायरिंग आणि होल्डर तापतो. शिवाय फिल्मने अडवलेला प्रकाश उष्णतेत बदलतो, तो वेगळाच. दुसऱ्याने झोताचा आकार बिघडतो, कारण परावर्तक हा तारेच्या नेमक्या जागेसाठी आखलेला असतो आणि एलईडीचा चकत्यांसारखा उगम त्या जागी तसाच बसत नाही. समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपतात आणि आपल्यालाही गाडीपुढचा जवळचा डांबरी तुकडा झगझगीत व लांबचा रस्ता अंधारा दिसतो.

---

चकाकी_नाशिक

मी गाड्यांच्या डिटेलिंगचे काम करतो. आता साहित्याबद्दल लिहितो, कारण ‘पूर्ववत होते का’ या चौथ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही.

हल्लीच्या हेडलाइटची ‘काच’ ही काच नसून पॉलिकार्बोनेट असते. हे प्लास्टिक दणकट असले तरी उन्हाने पिवळे पडते आणि सहज ओरखडते, म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ कठीण लेप दिलेला असतो. दिव्याचे आयुष्य या लेपावर अवलंबून असते. थिनर, ॲसिटोन यांसारखी द्रावके पॉलिकार्बोनेटला अजिबात सोसत नाहीत. त्यांनी काचेत कोळिष्टकासारख्या बारीक भेगा उमटतात आणि त्या कशानेही जात नाहीत.

स्प्रे मारण्यापूर्वी रंग धरावा म्हणून वॉटर पेपरने काच खरवडली जाते, म्हणजे मूळ लेप तेथेच संपला. पुढे तुम्हाला स्प्रे नकोसा झाला, तर पुन्हा वॉटर पेपर, मग पॉलिश आणि नंतर ऊन सोसणारा दोन घटकांचा क्लिअर कोट, असे सर्व करावे लागते. तरीही कारखान्यातला टिकाऊपणा परत येत नाही. शिवाय स्प्रे किती टक्क्यांचा, याला काही अर्थ नसतो. एक हात, दोन हात, तीन हात, प्रत्येक हाताला छटा गडद होत जाते आणि ती सर्वत्र सारखी बसत नाही. ‘कडा सुटत नाहीत’ हे दुकानदाराचे म्हणणे खरे आहे, कारण सुटण्याची सोयच उरत नाही.

फिल्म त्या मानाने सौम्य आहे. चांगल्या प्रतीची असेल तर उष्णता देऊन काढता येते. स्वस्त फिल्म मात्र दोन-तीन उन्हाळ्यांत काचेवर भाजली जाते आणि तिचा डिंक मागे राहतो.

माझ्याकडे असे ग्राहक आले की मी त्यांना विचारतो, तुम्हाला काळे नेमके काय दिसायला हवे आहे? टाटाने २०१९ मध्ये हॅरिअरची ‘डार्क’ आवृत्ती आणली. ती गाडी नजरेला संपूर्ण काळी वाटते, पण हेडलाइटची बाहेरची काच स्वच्छ पारदर्शकच आहे. काळेपणा रंगातून, चाकांतून आणि क्रोम काढून टाकल्याने येतो. तुमच्या गाडीतही हीच युक्ती करता येईल. दाराखालच्या पट्ट्या, मागच्या दारावरील क्रोमची पट्टी, कंपनीची चिन्हे, बंपरचा खालचा भाग हे सर्व काळ्या रॅपने (चिकटवायच्या रंगीत आवरणाने) झाकता येते आणि मनात आले की रॅप काढताही येतो. टेललाइटच्या भोवतीच्या पत्र्यावर काळी पट्टी घेतली, तर दिवा न लावलेला असताना तो मोठा आणि गडद भासतो. दिव्यावर लावायचीच असेल तर पारदर्शक संरक्षक फिल्म लावा, ती ओरखडे आणि पिवळेपणा या दोहोंपासून वाचवते.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. टॉर्चचा प्रयोग काल रात्री केला. माझ्या गाडीत परावर्तक टेललाइटच्या आतच आहेत, बंपरमध्ये काहीही नाही. बल्बही २१ व ५ वॅटचाच आहे. त्यामुळे मागच्या दिव्यांचा विषय मी बंद करतो आहे.

पुढच्या दिव्यांबाबत एक शंका उरली आहे. दिवा उघडून आतील चंदेरी चौकट काळी केली आणि बाहेरची काच तशीच ठेवली, तर प्रकाश कमी होत नाही, असे वाचले. हा मार्ग कसा आहे? आणि माझ्या मित्राने गेल्या वर्षी टेललाइटवर स्प्रे मारलेला आहे. ही चर्चा वाचून तो आता काढायचा म्हणतो आहे.

---

चकाकी_नाशिक

चौकट काळी करणे हा दिसायला सर्वात देखणा मार्ग आहे. झोत घडवणारा परावर्तक आणि दिखाऊ चौकट हे दोन वेगळे भाग असतील, तरच तो करता येतो. साध्या हॅलोजन दिव्यांत अनेकदा संपूर्ण चंदेरी वाटी हाच परावर्तक असतो. तिला रंग लावला की दिवा संपला. प्रोजेक्टर भिंग असलेल्या दिव्यात भोवतीची चौकट बहुधा वेगळी असते.

दिवा उघडण्यासाठी तो भट्टीत तापवून काचेभोवतीचा सीलंट मऊ करावा लागतो. पुन्हा बसवताना सीलंट एका ठिकाणी जरी तुटक राहिला तरी पहिल्याच पावसाळ्यात आत बाष्प धरते आणि परावर्तकाची चकाकी जाते. म्हणून मी स्वतः हे काम वॉरंटीतल्या गाडीवर करत नाही. काम करवून घेतल्यास झोताची उंची दोन्ही बाजूंना पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

मित्राच्या टेललाइटबद्दल सांगायचे तर आधी दिव्यांची नवी जोडी किती रुपयांना मिळते ते विचारा. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी करता येईल. साध्या हॅचबॅकचे दिवे बऱ्याचदा दुरुस्तीच्या मजुरीपेक्षा फार महाग नसतात. दुरुस्तच करायचे ठरले, तर ८०० नंबरच्या वॉटर पेपरने भरपूर पाण्यात हलक्या हाताने सुरुवात करून पुढे १५००, २००० आणि ३००० असे चढत जायचे. कडेच्या खोबणीत पेपर जोराने दाबायचा नाही. बहुतेक टेललाइटचे लाल प्लास्टिक ॲक्रिलिकचे असते आणि त्यालाही थिनर चालत नाही, हे मित्राला आधीच सांगून ठेवा, कारण घाई झाली की हात हमखास त्या डब्याकडेच जातो.

---

वकिली_चष्मा

चौकटीबाबत एवढेच लिहितो की प्रकाश आणि झोत जसाच्या तसा राहिला तर नियम १०५ चा प्रश्न येत नाही. परंतु उघडून पुन्हा बंद केलेला दिवा हा चाचणी झालेला मूळ दिवा राहिला, असा दावा तुम्हाला करता येणार नाही. बिल जपून ठेवा, आणि गाडी विकताना खरेदीदाराला ही गोष्ट लेखी कळवा.